सांवरीची उशी

गेल्या महिन्यांत एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्या लिहितात : "आमच्या घरीं सासूबाईंची एक जुनी उशी आहे. ती सांवरीच्या कापसाची असून अलीकडे कठीण झाली आहे व तिच्यांत गुठळ्या लागतात. सासूबाईंची मान दुखते. ही उशी पिंजून घ्यावी, कीं टाकून देऊन बाजारांतील फोमची आणावी? दुसरें असें कीं, घरामागें सांवरीचें मोठें झाड आहे. वैशाखांत त्याचा कापूस उडून शेजारच्यांच्या वाळवणांत पडतो व त्यावरून दरवर्षीं बोलणें होतें. म्हणून तें झाड तोडून टाकावें, असें घरांतील पुरुषमंडळींच्या मनांत आहे. आपण काय म्हणतां?"

एरवीं अशा प्रश्नास आम्ही या सदरांत चार ओळींत उत्तर देतों. या खेपेस तसें करवत नाहीं. कारण या भगिनी जी चूक करूं पाहत आहेत, ती आमच्या हातून पूर्वींच होऊन गेली आहे. तिची हकीकत सांगितल्यावांचून नुसता उपदेश करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमचें मूळ घर सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कोंकणांत. परसांत विहिरीपलीकडे एक जुनी कांटेसांवर होती. माघ सरतां सरतां तिचीं पानें गळून जात आणि फाल्गुनांत त्या निष्पर्ण फांद्यांवर वाटीएवढीं लालभडक फुलें येत. पोपट, साळुंक्या, कावळे, बुलबुल, खारी, सर्वांची तेथें पंगत बसे. पुढें वैशाखांत बोंडें तडकत व पांढरा मऊ कापूस वाऱ्यावर निघे. आम्हीं मुलें "म्हातारी, म्हातारी" म्हणून त्याच्यामागें धांवत असूं. परंतु आमच्या आत्याबाईंचा त्या दिवसांतला उद्योग निराळा असे. बोंडें फुटण्यापूर्वींच त्या तीं पाडवून घेत, पोत्यांत घालून उन्हांत ठेवीत, आणि दुपारीं माजघराचीं दारें लावून, नाकातोंडास पदर गुंडाळून, बोंडांतील कापूस काढीत. काठीनें हलकेंच झोडपलें कीं काळ्या बिया आपोआप खालीं पडत. तो कापूस मग जाड खोळींत भरला जाई. घरांतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नांत रुखवतावर आत्याबाईंच्या दोन उश्या असत. आत्याबाई बालविधवा. त्यांच्या हातची म्हणून घरांत दुसरी वस्तु फारशी नव्हती. पण घरांतल्या प्रत्येक डोक्याखालीं त्यांचा कापूस होता.

आमच्या आजीच्या शेवटच्या दुखण्यांत आत्याबाईंनीं एक उशी मुद्दाम नवी भरली होती. आजी तीन महिने अंथरुणास खिळून होती. ती त्याच उशीवर गेली. पुढें ती उशी आत्याबाईंनीं स्वतःच्या अंथरुणावर घेतली व बारा-तेरा वर्षें दुसऱ्या कोणास दिली नाहीं.

आम्ही शिक्षक झाल्यावर आत्याबाई आमच्याच बिऱ्हाडीं राहूं लागल्या. एका वर्षीं त्या आषाढीस पंढरपुरास गेल्या असतां दारावर पिंजारी आला. घरांतील गाद्या पिंजावयाच्या होत्याच. त्या उशीसही गुठळ्या झाल्या होत्या. तेव्हां आत्याबाई परत येतात तोंच तीही नवी करून ठेवावी, अशा सद्बुद्धीनें आम्हीं ती त्याच्यापुढें टाकली. त्यानें खोळीचा टांका उसवला, चिमूटभर कापूस बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हा आमच्या कामाचा कापूस नव्हे. याला ऊन द्या, तांत दाखवूं नका."

आम्हीं त्यास काय उत्तर दिलें, तें लिहितांना आजही संकोच वाटतो. "कापूस तो कापूस. तूं आपलें काम कर," असें आम्ही म्हणालों. घरांतून "आत्याबाईंना येऊं द्या" असें दोनदां सुचविण्यांत आलें. तेंही आम्हीं मनावर घेतलें नाहीं. त्यानें नाइलाजानें पिंजण उचलली. तांतीचे पांच-सात टणत्कार झाले नाहींत तोंच अंगणभर धुरळा उडाला. निम्मा कापूस वाऱ्यावर गेला. उरला त्याचा भुगा झाला. मुलें खोकूं लागलीं. पिंजाऱ्यानें गाद्यांची मजुरी घेतली. उशीची घेतली नाहीं.

आत्याबाई परत आल्यावर आम्हीं खरें तें सांगितलें. त्या कांहीं वेळ रिकामी खोळ मांडीवर घेऊन बसल्या. मग एवढेंच म्हणाल्या, "अरे, तो कापूस सूत व्हायचा असतो, हा नुसता उशाला घ्यायचा असतो. एवढें शिकलास, आणि हें कसें रे नाहीं ठाऊक?"

त्यांचा प्रश्न अगदीं रास्त होता. शाल्मली हा शब्द आम्हीं वर्गांत किती वेळां उच्चारला असेल, त्यास गणति नाहीं. हितोपदेशांत मित्रलाभाची कथा गोदावरीतीरावरील विशाल शाल्मलीपासून सुरू होते. बाणभट्टाच्या कादंबरींतील वैशंपायन शुक पंपासरोवराजवळच्या जुन्या शाल्मलीच्या ढोलींत जन्मला. पुराणांतील सप्तद्वीपांमध्यें एकास या झाडाचें नांव आहे, आणि पाप्यांना भोगावी लागणारी कांटेरी कूटशाल्मली नरकांतही आहे. हें सर्व आम्ही मुलांस सांगत असूं आणि फळ्यावर "शाल्मली म्हणजे सांवर" असें लिहून पुढें जात असूं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत या झाडाचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं तर आम्हांस लहानपणापासून मुखोद्गत होतीं : पिच्छिला, पूरणी, मोचा, स्थिरायु. बुळबुळीत रस म्हणून पिच्छिला. दीर्घकाळ जगणारी म्हणून स्थिरायु. वैद्यलोक अतिसारावर देतात तो मोचरस हा हिचाच डिंक. आणि पूरणी? पूरणी म्हणजे भरणारी. आजन्म तोंडपाठ असलेल्या या एका शब्दांत उशी आहे, हें आमच्या ध्यानांत आलें तें उशीचा भुगा झाल्यावर.

आतां, पिंजाऱ्याचें व आत्याबाईंचें म्हणणें खरें कां, तें पाहूं. मागाहून आम्हीं याविषयीं जें वाचलें, त्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. साधा कापूस सरकीच्या अंगावर उगवतो. म्हणून तो सरकीपासून ओढून काढावा लागतो. सांवरीचा कापूस बीवर उगवत नाहीं, तर बोंडाच्या आंतल्या भिंतीवर उगवतो. बिया त्यांत नुसत्या पडून असतात, म्हणून झटकल्याबरोबर सुटतात. साध्या कापसाचा तंतु वाळतांना चपटा होतो व फितीसारखा पिळला जातो. एका तंतूचे पीळ दुसऱ्यांत अडकतात, आणि म्हणून त्याचें सूत निघतें. सांवरीचा तंतु वाळूनही गोल, सरळ व गुळगुळीत राहतो. लांबीही दोन-तीन सेंटिमीटरच. त्यामुळें एक तंतु दुसऱ्यास धरीत नाहीं, आणि चरख्यावर तो निरुपयोगी ठरतो.

परंतु जो गुण सुतास नडतो, तोच उशीस उपकारक होतो. हा तंतु म्हणजे एक अति बारीक पोकळ नळी आहे. तिची भिंत अत्यंत पातळ असून पांच भागांपैकीं सुमारें चार भाग नुसती हवा असते. वरून मेणासारखा लेप असल्यामुळें पाणी आंत शिरत नाहीं. म्हणून सांवरीची उशी हलकी लागते आणि तिला घामाची ओल साध्या कापसापेक्षां उशीरा धरते. तथापि, पातळ भिंतीची नळी ती! वर्षानुवर्षें डोक्याचा भार सोसून ती ठिसूळ होते. तिच्यावर तांतीचा आघात झाला कीं तिचे तुकडे होतात. साध्या कापसास पिंजणें हा उपचार आहे. सांवरीस तो मृत्यु आहे.

हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत भिक्षूंच्या उशीविषयीं नियम आहेत. त्यांत उशींत भरण्यास तीन प्रकारचा तूल चालतो असें सांगितलें आहे : वृक्षाचा, वेलीचा व गवताचा. तो मोकळा करून भरावा, आणि उशी डोक्यापुरतीच असावी, असेंही तेथें आहे. संसार सोडलेल्या माणसांसही उशाचा विचार करावा लागला, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

आपल्या कांटेसांवरीची एक परदेशी बहीण आहे. तिला आपल्याकडे पांढरी सांवर म्हणतात. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. तिचीं फुलें मळकट पांढरीं असतात व वटवाघळें त्यांच्यावर रात्रीं येतात. तिच्या कापसास मलायी भाषेंतील कापोक हें नांव जगभर मिळालें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जगाच्या बाजारांतील बहुतेक कापोक जावा बेटांतून जात असे, आणि त्याचा उपयोग केवळ गाद्याउशांपुरता नव्हता. हा कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारें तीसपट भार पाण्यावर तोलून धरतो. म्हणून खलाशांचीं जीवरक्षक जाकिटें यानेंच भरीत. १९४२ सालीं जपाननें जावा घेतलें आणि अमेरिकेस होणारा पुरवठा बंद पडला. तेव्हां १९४४ मध्यें तेथील शाळांतील मुलांस रानोमाळ धाडून एका रानटी झाडाचीं बोंडें गोळा करविण्यांत आलीं. तें झाड आपल्या रुईच्या कुळांतलें. मुलें ज्याला म्हातारी म्हणून फुंकून देतात, त्याच जातीच्या कापसावर त्या काळीं बुडत्यांचे प्राण तरले!

युद्धानंतर कृत्रिम वस्तूंचा काळ आला. ज्यापासून आजचा फोम होतो, तें द्रव्य जर्मनींत १९३७ सालीं आणि पॉलिएस्टरचा तंतु इंग्लंडांत १९४१ सालीं निघाला होता. तीं दोन्हीं पुढें स्वस्त झालीं, आणि जाकिटांतून व उशांतून सांवर हळूहळू मागें पडली. या नव्या वस्तूंस सरसकट नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. फोमची उशी आपला आकार राखते व तिला जपावें लागत नाहीं. ज्या घरीं ऊन येत नाहीं तेथें ती सोयीचीही आहे. मात्र टाकून दिल्यावर ती वर्षानुवर्षें मातींत मिसळत नाहीं. सांवरीचा भुगा झाडाच्या बुंध्याशीं टाकला तर कांहीं काळानें माती होऊन जातो.

आतां भगिनींच्या प्रश्नांचीं उत्तरें.

पहिलें उशीचें. ती पिंजावयास मुळींच देऊं नये. अभ्रा काढून चांगल्या कोरड्या दिवशीं ती सकाळपासून दुपारपर्यंत उन्हांत ठेवावी. मध्यें एकदां उलटावी. मग सांवलींत आणून दोन्ही तळव्यांमध्यें हलकेंच चेपून गुठळ्या मोकळ्या कराव्या. काठीनें बडवूं नये व भरलेली उशी धुऊं नये. असें लागोपाठ तीन-चार दिवस केल्यास बहुतेक उश्या पुन्हां फुगतात. पुढें पावसाळा सोडून दर पंधरवड्यास ऊन दाखवावें. परंतु खोळीवर चापट मारतांच बारीक धूळ निघत असेल, तर कापसाचा चुरा झाला असें समजावें. अशी उशी ठेवण्यांत शहाणपण नाहीं. त्या धुळीनें खोकला व शिंका येतात. खोळ धुऊन ठेवावी व कापूस नवा भरावा.

नवा कापूस बाजारांतून घ्यावयाचा असल्यास पारखून घ्यावा. कारण सांवरीच्या नांवानें भलताच माल गळ्यांत पडतो. चिमूटभर कापूस वाटींतल्या पाण्यांत बोटानें बुडवून सोडावा. सांवरीचा असेल तर तत्काळ वर येतो व आंतून कोरडा राहतो. साधा धुतलेला कापूस पाणी पिऊन खालीं बसतो. कृत्रिम तंतूची शंका असेल तर दोन-चार तंतु चिमट्यांत धरून जाळून पाहावे. झाडाचा कापूस जळून हलकी राख होते. कृत्रिम तंतु वितळतो व त्याचा कठीण मणी बनतो. ही परीक्षा मोठ्या माणसांनीं, कापसाच्या ढिगापासून दूर जाऊन करावी. सांवरीचा कापूस ठिणगीसरशीं पेट घेतो. म्हणून समई, उदबत्ती व विडी यांपासून ही उशी नेहमीं लांब ठेवावी, आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाविषयीं तर विशेष दक्षता बाळगावी.

खोळ घट्ट विणीच्या गादीपाटाची शिवावी. पातळ कापडांतून हा कापूस बाहेर येतो. एका उशीस साधारण पाऊण ते एक किलो पुरे. भरतांना पंखा बंद ठेवावा व नाकातोंडास फडकें बांधावें. सासूबाईंच्या मानेसाठीं फार उंच उशी नको. खांदा व मान यांमधील पोकळी भरून निघावी, एवढीच असावी. इतकें करूनही दुखणें राहिलें, तर तो उशीचा दोष नव्हे, डॉक्टरांस दाखवावें.

येथेंच एक गोष्ट तरुण मातांस सांगून ठेवतों. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या डोक्याखालीं मोहरीची किंवा मऊ कापसाची उशी देण्याची चाल आहे. एक वर्ष पुरें होईपर्यंत मुलास कोणतीच उशी देऊं नये, असें आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण मऊ वस्तूंत नाक दबून मूल गुदमरण्याचा धोका असतो. मुलास घट्ट व सपाट अंथरुणावर उताणें निजवावें. आजीबाईंस वाईट वाटेल. परंतु आत्याबाईंसारख्या माउलीसही कोणी नीट समजावून सांगितलें असतें, तर तिनें ऐकलें असतें, असा आमचा विश्वास आहे.

दुसरें झाडाचें. शेजारच्यांची तक्रार खोटी नाहीं. पापडकुरडयांवर कापूस बसला कीं कोणासही राग येईल. परंतु हा कापूस उडतो याचें कारण तो कोणी काढीत नाहीं. पूर्वीं घरोघर बोंडें उतरवीत, म्हणून तो वाऱ्यावर जात नसे. बोंडें तपकिरी होऊं लागलीं कीं, तडकण्यापूर्वीं, लांब बांबूस आंकडी बांधून तीं पाडावीं. झाड उंच असल्यास माहितगार माणूस लावावा. कांटेरी खोडावर घरच्या मुलांस चढूं देऊं नये. बोंडें पोत्यांत घालून उन्हांत ठेवलीं म्हणजे तीं आंतच फुटतात. शेंड्यावरचीं कांहीं राहतील व थोडा कापूस उडेलही. पण वाळवण खराब होण्याइतका नव्हे. आणि पहिली उशी शेजारच्या घरीं द्यावी. एवढ्यानें बोलणें मिटेल असें आम्हांस वाटतें. या उपायानें भागत असतां झाड तोडणें बरें नव्हे. फाल्गुनांत इतर झाडें उघडीं पडलेलीं असतां तीं लाल फुलें किती पक्ष्यांचें पोट भरतात, तें एकदां सकाळीं उभें राहून पुरुषमंडळींनीं पाहावें व मग कुऱ्हाडीचा विचार करावा.

आमच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. त्या उशीनंतरच्या वैशाखांत आत्याबाई आम्हांस घेऊन गांवीं गेल्या. त्यांचें वय तेव्हां सत्तरीच्या घरांत होतें. त्यांनीं बोंडें पाडवून घेतलीं, माजघराचीं दारें लावलीं, आणि आम्हांस समोर बसवून बी झटकण्यापासून खोळीचा शेवटचा टांका घालण्यापर्यंत सर्व काम आमच्याकडून करून घेतलें. आजीच्या उशीचा त्यांनीं पुन्हां उल्लेख केला नाहीं. त्या जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. झाड अजून उभें आहे. दर वैशाखांत आम्ही नातवंडांस घेऊन तेथें जातों, आणि त्यांस अमरकोशांतील पूरणी हा शब्द शिकवितों. पण तो बोंड हातांत दिल्यानंतर.

तो पिंजारी पुन्हां आमच्या दारावरून गेला नाहीं. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली. त्याचें वाक्य तेवढें आम्हीं त्या भगिनींस कळविलें आहे, आणि तेंच येथें सर्व वाचकांच्या स्वाधीन करितों : सांवरीला ऊन द्या, तांत दाखवूं नका.